आत्याचा हिस्सा तिसरा की शून्य? (आणि कोकणातले इतर कोर्टकज्जे)

सड्यावरचा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज गरजेपोटी धागा काढतोय.

राजापूर तालुक्यात आमचं गाव. दीड एकर भातशेती, सात एकर वरकस सडा (कातळाचा माळ), पन्नासेक हापूसची कलमं आणि घरठाण. सातबाऱ्यावर तीन नावं आहेत: आजी, बाबा आणि काका. आजी १९८८ साली गेली, पण सातबाऱ्यावर ती अजून जिवंत आहे. बाबा ८१ वर्षांचे, काका तीनेक वर्षांनी धाकटे, आणि सगळ्यांत धाकटी आत्या डोंबिवलीत.

इतकी वर्षं कोणाला काही पडलेली नव्हती. गेल्या मे महिन्यात पुण्याचा एकजण सडा बघून गेला, आकडा बोलला, आणि घरातल्या सगळ्यांना अचानक जमिनीची आठवण झाली. आत्येभावाने व्हॉट्सअॅपवर एक संदेश टाकलाय: सुप्रीम कोर्टाचा निकाल, मुलींना जन्मतः मुलासारखाच हक्क, बाप २००५ साली हयात असो वा नसो. म्हणून आईला तिसरा हिस्सा हवा. काका म्हणतो, "तिचं लग्न १९७१ साली झालं, आम्ही कर्ज काढून केलं, विषय तेव्हाच संपला." बाबा काहीच बोलत नाहीत, ते अंगणात बसून सुपाऱ्या सोलतात.

निकाल खरा आहे का? आणि खरा असेल तर तिसरा हिस्सा द्यावा लागतो का?

काळाकोट
निकाल खरा आहे. ११ ऑगस्ट २०२०, न्या. अरुण मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालचं तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ. त्याआधी गोंधळ होता. २०१५ च्या निकालात म्हटलं होतं की ९ सप्टेंबर २००५ रोजी बाप आणि मुलगी दोघंही हयात हवीत, आणि २०१८ च्या निकालाचा सूर निराळा लागला. २०२० मध्ये तो गुंता सोडवला. सहदायकी, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क, जन्माने मिळते, बाप त्या तारखेला जिवंत असण्याची गरज नाही. लग्न १९७१ साली झालं की काल झालं, यानेही काही बिघडत नाही. आपल्या राज्यात १९९४ ची दुरुस्ती होती, तिच्यात २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. काकांच्या डोक्यात बहुतेक तेच बसलंय.

पण संदेश पाठवणाऱ्याने तारखा दिलेल्या नाहीत, आणि सगळा खेळ तारखांचा आहे. मला तीन गोष्टी सांगा. आजोबा कधी वारले? २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटप झालंय का? आत्याने कधी हक्कसोडपत्र करून दिलंय का?

सड्यावरचा
वकीलसाहेब, नोंदणीकृत काहीच नाही. तोंडी वाटप आहे: गडग्याच्या (दगडी बांधाच्या) वरचं काकाचं, खालचं आमचं. हक्कसोड नाही. आजोबांची तारीख माहीत नाही, बाबा शाळेत होते एवढंच ते सांगतात.

काळाकोट
तोंडी वाटप कोर्टात टिकवणं फार कठीण. २०२० च्या निकालातच सांगितलंय की नुसत्या तोंडी वाटपाच्या गोष्टीवर मुलीचा हक्क उडवता येणार नाही, सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तर क्वचित. तुमचा गडगा हा कागद नव्हे. आजोबांची तारीख शोधा, त्याशिवाय मी पुढे बोलणार नाही.

चाकरमानी_बोरिवली
विषय निघालाच आहे तर माझंही घ्या. लांज्याजवळ घर बंद असतं. १९९६ पासून वाडीतलं एक कुटुंब मांगरात (आवारातल्या छोट्या घरात) राहतं, झाडलोट करतं, काजू-आंबे बघतं. आम्ही भाडं घेत नाही, उलट गणपतीला कपडे करतो. आता त्यांचा मुलगा म्हणतो बारा वर्षं झाली, मांगर आमचा. सुप्रीम कोर्टाने २०१९ साली तसा निकाल दिलाय म्हणे.

काळाकोट
२०१९ चा निकाल अर्धाच सांगितलाय त्याने. त्यात एवढंच ठरलं की बारा वर्षांचा विरोधी कब्जा सिद्ध झाला तर तो माणूस स्वतः वादी म्हणून दावा लावू शकतो. आधी तो फक्त बचावात वापरता येतो असं धरलं जायचं. पण आधी कब्जा 'विरोधी' असायला हवा. तुम्ही ठेवलात म्हणून तो राहिला, याला विरोधी कब्जा म्हणत नाहीत. गोव्यातल्या एका घराच्या भांडणात २०१२ साली सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलंय: राखणदार, नोकर, किंवा फुकट राहू दिलेला नातेवाईक कितीही वर्षं राहिला तरी त्याला मालकी हक्क मिळत नाही. मालकाने मागितलं की घर सोडायचं.

फक्त एक बघा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्यांच्या आजा-पणजाचं नाव कूळ म्हणून आहे का? असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, म्हणजे कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं तो दिवस, कोकणात अजून मावळलेला नाही.

घावनघाटलं
काकांचं "लग्न करून दिलं, विषय संपला" वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

माझं हक्कसोडपत्र झालेलं आहे. गणपतीला माहेरी बोलावलं, तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला चल बाजारात जाऊन येऊ. रिक्षा थांबली ती दुय्यम निबंधकाच्या दारात. मला वाचायलाही दिलं नाही असं म्हणणार नाही. दिलं होतं, मीच वाचलं नाही. आई बरोबर होती, तिच्यासमोर काय वाचायचं? सही केली, येताना त्याने साडी घेऊन दिली. साडी छान आहे अजून.

सड्यावरचा, तुमच्या आत्याने सही केलेली नाही हे तिचं नशीब. तिचा मुलगा काय म्हणतो ते सोडा, ती स्वतः काय म्हणते ते विचारलंत का कोणी?

सड्यावरचा
नाही विचारलं. आत्येभावाशीच बोलणं होतं.

रापणकार
तुमचे गडगे तरी आसत. आमचो सातबारो दर्यात, त्येका ना गडगो, ना मोजणी.

माका निकालांचा एकच कळता, ज्येका जा व्हया ता तो मोबायलवर दाखयता. २०२३ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टान तामिळनाडूच्या पर्ससीनवाल्यांका (मोठ्या जाळ्यान मासो घेरतत तेंका) मुभा दिल्यान. झाला! आमच्या हयले पर्ससीनवाले बंदरावर सांगूक लागले, आता कोर्टानच सोडल्यान. मी माझ्या चेडवाक सांगलंय, बाय, पुरो निकाल वाचून दाखय. तेच्यात काय तर १२ सागरी मैलांच्या भायर जावचा, आठवड्यात दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार, सकाळी ८ ते सांजचे ६. ता पण नोंदणी केलेल्या बोटींका, आणि तामिळनाडूपुरता. हय रातीचे येवन ४ वाव खोल पाण्यात जाळी मारतत तेंका ह्यो निकाल लागाच नाय. आणि एलईडी दिव्यांची मासेमारी तर केंद्रान २०१७ सालीच बंद केल्यान हा. कोर्टाचा कागद एक म्हणता, रातचो उजेड दुसराच सांगता.

मंडणगडकर
रापणकारांनू, पूर्ण निकाल वाचणारी तुमची लेकच या धाग्यावर आणा.

वेगळा मुद्दा. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची हायकोर्टाची कामं मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली. सगळीकडे पेढे वाटले. मला कोणी सांगेल का मंडणगडच्या माणसाने काय पाप केलं होतं? आम्हाला मुंबई म्हणजे रात्री एसटीत बसलं की सकाळी हजर. कोल्हापूरला जायचं तर खेड, चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड, आणि मग खाली. पावसात घाटात दरड आली तर तारीख बुडाली.

तालुक्याला नवीन कोर्टाची इमारत मिळाली हे मान्य, १२ ऑक्टोबर २०२५ ला सरन्यायाधीश गवईसाहेब स्वतः आले होते. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे आम्हाला त्याचं अप्रूप आहेच. पण अपिलाला माणूस जाणार कोल्हापूरला.

काळाकोट
मंडणगड-दापोलीचं म्हणणं रास्त आहे, पण जिल्हा मंडणगडापुरता नाही. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. माझा पक्षकार सकाळी निघतो, सुनावणी ऐकतो आणि रात्री घरी जेवतो. मुंबईला त्याला दोन रात्री आणि पुतण्याच्या खोलीवर मुक्काम लागायचा. कोल्हापूरकरांनी या खंडपीठासाठी चाळीसेक वर्षं आंदोलन केलं, आपण कोकणवाल्यांनी फुकटात मिळवलं हे मात्र कबूल. सावंतवाडीकर तर म्हणतात आम्हाला पणजी अजून जवळ!

चाकरमानी_बोरिवली
कोल्हापूरला रेल्वे नाही हो साहेब कोकणातून. वैभववाडी-कोल्हापूर मार्ग मी शाळेत असल्यापासून ऐकतोय.

खारेपाटवाली
मी रायगडची, आमचा जिल्हा मुंबईच्या हायकोर्टाकडेच राहिला. पण आमचं दुखणं हायकोर्टाच्या अंतराचं नाही, निकालाचंच आहे.

अलिबाग-पेणचा खारेपाट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: समुद्राचं पाणी मातीच्या बांधाने अडवून आमच्या पणज्यांनी भातशेती केली. बांधाची डागडुजी पूर्वी गाव मिळून करायचं, मग ते काम सरकारच्या खारभूमी खात्याकडे गेलं आणि गावाचा हात सुटला. उधाणाला बांध फुटतो, वेळेवर बांधला जात नाही, खारं पाणी शेतात शिरतं. दोन-तीन वर्षांत तिथे तिवरं, म्हणजे कांदळाची झाडं, उगवतात. एकदा तिवरं उगवली की १७ सप्टेंबर २०१८ चा मुंबई हायकोर्टाचा निकाल लागू. कांदळवन तोडायचं नाही, त्याच्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा, जमीन सरकारी असो की खासगी.

निकाल चांगला आहे. हे मी मनापासून म्हणते, कारण तो नसता तर मुंबईपासून इथपर्यंतच्या सगळ्या खाड्या भरावाखाली गेल्या असत्या. किहीमचा नीरव मोदीचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला तेव्हा आम्ही टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या होत्या. पण माझ्या सासऱ्यांनी भात पिकवलेल्या शेतात मला आता पाऊल घालता येत नाही, आणि बांध वेळेवर न बांधणाऱ्याला कोणी विचारत नाही. जमिनीचा सारा मात्र आमच्या नावावर येतो.

घावनघाटलं
ताई, तिथे परत भात लावायचं असेल तर काहीच मार्ग नाही?

खारेपाटवाली
हायकोर्टाच्या परवानगीशिवाय कांदळ तोडता येत नाही, आणि परवानगी मिळते ती लोकहिताच्या प्रकल्पांना. पूल, रेल्वे वगैरे. माझ्या वीस गुंठ्यांना लोकहित कोण म्हणणार?

बरं, पर्यावरणाचे निकाल कधी फिरतील तेही सांगता येत नाही. १६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं, आधी बांधायचं आणि मग पर्यावरण मंजुरी मागायची हे यापुढे चालणार नाही. १८ नोव्हेंबरला तोच निकाल दोन विरुद्ध एक मतांनी मागे घेतला. न्या. भुयान यांनी विरोधी मत लिहिलं, मे महिन्याच्या निकालातही तेच होते. मे महिन्यात आमच्या गावातल्या ग्रुपवर जे अभिनंदन करत होते तेच नोव्हेंबरात गप्प.

चाकरमानी_बोरिवली
एक निकाल मात्र कोणी फिरवू नये. ऑक्टोबर २०२५, मुंबई हायकोर्ट: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस गेला तर वारसांना ६ लाख, जखमी झाला तर ५० हजार ते अडीच लाख. भरपाई ठरवणाऱ्या समितीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतील. आमच्या मुंबई-गोवा महामार्गावर हा निकाल फलकावर लिहून लावायला हवा. दर गणपतीला नवी मुदत ऐकतो, आणि दर गणपतीला कंबर धरून गावी उतरतो.

मंडणगडकर
६ लाख. २०१६ ला सावित्रीचा पूल पडला तेव्हापासून पावसात कोणताही पूल ओलांडताना मी एसटीत डोळे मिटून घेतो. असो, धागा आत्याचा आहे.

सड्यावरचा
धागा आत्याचा आहे आणि बातमी आहे.

काल तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन जुने फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी) काढले. अर्धा दिवस गेला, धुळीने शिंकून शिंकून जीव गेला, पण सापडलं. आजोबा वारले १९५५ च्या श्रावणात. त्यावरून वारस नोंद: विधवा आणि दोन अज्ञान (सज्ञान न झालेले) मुलगे, त्यांची पालक आई. आत्या तेव्हा चार वर्षांची. तिचं नावच नाही.

काका हे ऐकून भलताच खूश. त्याला कोणीतरी सांगितलंय की १९५६ पूर्वी बाप वारला असेल तर मुलीला काही नाही.

काळाकोट
याचीच मी वाट बघत होतो.

काकांना ज्याने सांगितलं त्यानेही अर्धंच सांगितलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने म्हटलंय खरं: १९५६ चा हिंदू वारसा कायदा येण्यापूर्वी बाप वारला आणि मागे विधवा असेल, तर मुलीला बापाकडून वारसाने काही मिळत नाही. आत्येभावाचा वकील तरीही २०२० चा निकाल पुढे करेल, जन्मतः सहदायक वगैरे. करू दे. १९५५ चा मृत्यू त्याला आडवा येईल असं माझं मत.

पण तुमच्या पहिल्याच पोस्टमधली ओळ परत वाचा. आजी अजून सातबाऱ्यावर जिवंत आहे.

१९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याचा हिस्सा मिळायचा, फक्त हयातीपुरता. विकायचा नाही, कोणाला द्यायचा नाही. १९५६ साली कलम १४ आलं आणि ज्या बाईकडे असा मर्यादित हक्क होता ती पूर्ण मालक झाली. तुमचे आजोबा आणि दोन मुलगे मिळून तीन हिस्से. आजोबांचा तिसरा हिस्सा आजीकडे आला, १९५६ ला तो तिच्या पूर्ण मालकीचा झाला. १९८८ ला ती गेली. मृत्युपत्र नसेल तर तिची मालमत्ता तिच्या तिन्ही मुलांना सारखी, मुलगा-मुलगी भेद नाही. तिसऱ्याचा तिसरा: आत्याला नववा हिस्सा. बाबा आणि काका प्रत्येकी चार नवमांश.

आत्येभाऊ तिसरा म्हणतो, काका शून्य म्हणतात. माझा हिशोब नववा. आणि तो बापाकडून येत नाही, आईकडून येतो. सातबाऱ्यावर आत्याचं नाव नाही म्हणून हक्क नाही असंही नाही. फेरफार हा महसूल गोळा करण्यासाठीचा कागद, त्याने मालकी ठरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलंय, २०२१ मध्येही.

घावनघाटलं
सत्तर वर्षं सगळे आजोबांची जमीन, आजोबांची जमीन करत होते. आजीचा तिसरा हिस्सा कोणाच्या लक्षातही नव्हता.

रापणकार
म्हातारीन सातबाऱ्यार ऱ्हवान बरा केल्यान.

चाकरमानी_बोरिवली
पण मग पुण्याचा गिऱ्हाईक? तो शेतकरी आहे का, ते आधी बघा. नसेल तर कूळकायद्याचं कलम ६३ आहे, परवानगीशिवाय घेता येत नाही.

सड्यावरचा
गिऱ्हाईक पावसाळ्यानंतर फिरकलाच नाही. फोन केला तर म्हणाला, सामाईक सातबारा असेल तर नको, मला भानगड नको.

घावनघाटलं यांच्या सांगण्यावरून आत्याला फोन केला. पहिल्यांदाच थेट. नवव्याचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "सडा तुम्हीच घ्या रे. विहिरीजवळचं रायवळ आंब्याचं झाड आहे ना, त्याच्याखाली मला चार गुंठे दे. घर बांधणार नाही, नुसते माझ्या नावावर असू देत." आत्येभावाला हे ठाऊक नाही. काकाला सांगितलं तर म्हणाला, रायवळ गडग्याच्या वर आहे. म्हणजे त्याच्या बाजूला.

सध्या एवढंच करतोय की आजीची वारस नोंद लावून घेतोय, तिघांच्या नावे. त्यासाठी मृत्यूचा दाखला लागतो. आज ग्रामपंचायतीत गेलो, १९८८ ची नोंदवही काढली. नोंद आहे, पण नाव दुसरंच. सातबाऱ्यावर सासरचं नाव, मृत्यूच्या वहीत माहेरचं. कोणी लिहून दिलं असेल कोणास ठाऊक. ग्रामसेवक म्हणतात, ही तीच बाई कशावरून?

काळाकोट
होतं असं, विशेषतः त्या पिढीच्या बायकांचं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. सोबत तिला दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या नातेवाइकाचं एक. बाबांना किंवा काकांना आईचं माहेरचं नाव माहीत आहे का?

सड्यावरचा
विचारलं. बाबा म्हणाले, आम्ही तिला आईच म्हणायचो. काकालाही ठाऊक नाही. आत्याला फोन केला, तिने लगेच सांगितलं. वहीतलं तेच.

काळाकोट
मग प्रतिज्ञापत्र आत्याचंच घ्या. येताना तिला मूळ आधारकार्ड आणायला सांगा.

सड्यावरचा
आत्या रविवारी मांडवी एक्सप्रेसने येतेय. काकाला अजून सांगितलेलं नाही.